अर्धा डबा संपला की ग्रुप का उघडतो?

“सर, डबा नवा असला की लेकरू साडेदहाच्या आसपास मारतंय. अर्धा संपला की नऊ, साडेआठ. नवा डबा फोडला की पुन्हा चांगलं. बंदूकच बदलावी का, इचारायला आलो.”

अहमदपूरकडचे शेतकरी. आकडे एका गोळीच्या गुणांचे, पूर्ण गुण १०.९. मुलीला घेऊन आठवड्यातून तीनदा एसटीने लातूरला येतात, ती दहा मीटर एअर रायफल मारते तोवर शेडबाहेर लिंबाखाली बसतात. आडतीवरून सोयाबीनची पट्टी हातात आली की त्यातून पेलेटचे, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छऱ्यांचे, दोन डबे बाजूला काढायचे, हा त्यांचा हिशोब. त्या माणसाला मी तीन आठवडे चुकीचं उत्तर देत होतो. माझं निदान होतं ट्रिगर. पोरगी थकली की बोट झटकते, असं म्हणून मी तिला रोज शंभर वेळा पेलेट न घालता नुसता ट्रिगर सोडायला लावत होतो. डब्याचा आणि कमी गुणांचा संबंध बापाने जोडला, मी नाही.

आमच्या भाषेत याला ‘ग्रुप उघडला’ म्हणतात, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा गुच्छ पसरला. ही तक्रार इतक्या जणांकडून, इतक्या रूपांत येते, की एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी एक बाजूचा मुद्दा, कारण परदेशी व्हिडिओ बघून पोरं विचारतात: “सर, ते लोक घरी काडतूस भरतात, प्रत्येक रायफलला मानवेल असं. आपण का नाही?” एक तर आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, तिथे विषय संपला. दुसरं, ऑलिम्पिकमधल्या रायफल प्रकारांत घरी भरलेल्या काडतुसाला जागाच नाही. ५० मीटरला पॉइंट टू टू रिमफायर काडतूस लागतं. त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो आणि पिन ती कडच चेपते, त्यामुळे एकदा उडालेलं काडतूस परत भरण्यासारखं राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य घेतलं, ते याच ५० मीटरच्या थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने मारायच्या प्रकारात. त्या पातळीचे नेमबाज काडतूस भरत नाहीत, निवडतात. एली, लापुआ अशा कंपन्यांच्या चाचणी रेंजवर आपली रायफल नेऊन, एकामागून एक लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) मारून बघून, जो जमतो तो विकत घेतात. आपल्या एअर रायफलचंही तेच. पेलेट बनवता येत नाही, पण आपल्या बॅरलला कोणता आवडतो ते शोधता येतं, आणि शोधलेला खराब होऊ न देणं तर पूर्ण आपल्या हातात आहे.

आता मूळ तक्रारीकडे. पहिलं काम एकच: माणूस आणि यंत्र वेगळे करा. उभ्याने मारलेल्या कार्डावरून, म्हणजे कागदी निशाण्यावरून, पेलेटबद्दल काहीही कळत नाही. पोरगी चांगली असली तरी तिच्या होल्डचा, म्हणजे रायफल धरण्याचा, थरथराट पेलेटच्या चुकीपेक्षा मोठा असतो, आणि दोन्ही मिसळले की कोणाचा दोष किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मोठ्या रेंजवर त्यासाठी रायफल घट्ट धरणारा शिकंजा असतो, आमच्याकडे नाही. आम्ही टेबल ठेवतो, त्याच्या चारही पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घालतो आणि वर पिशव्या. सुरुवातीला जुन्या जीन्सचे पाय शिवून त्यात मालदांडी ज्वारी भरली होती. रायफल मस्त बसायची, पण दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी पिशव्या फाडून शेडमध्ये पेरणी करून ठेवली. तेव्हापासून धुऊन वाळवलेली वाळू. रायफल टेकवायची ती लाकडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पुढच्या भागावर. बॅरल पिशवीला लागता कामा नये, लागली तर सगळी चाचणी वाया. मागच्या बाजूला, खांद्याजवळच्या टोकाखाली, दुसरी छोटी पिशवी. ती मुठीत दाबली-सोडली की नेम वर-खाली होतो.

मग एका कार्डावर एक ग्रुप, पाच गोळ्यांचा. आणि इथेच नवशिका फसतो. एका डब्याचे पाच मारले, ग्रुप छान आला, “हाच पेलेट!” दुसऱ्याचे पाच मारले, जरा पसरले, “हा भंगार!” माझ्या वहीत एकाच डब्याचे, एकाच सकाळी, एकापाठोपाठ मारलेले पाच ग्रुप आहेत: बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ५.१, ५.९, ५.३, ६.४ आणि ५.२ मिमी. पेलेट तेच, बंदूक तीच, टेबल तेच. नुसता ६.४ वाला बघितला असता तर चांगला डबा टाकून दिला असता. म्हणून प्रत्येक डब्याचे निदान पाच ग्रुप मारा, तेही आलटून-पालटून: एक ‘अ’चा, दोन ‘ब’चे, पुन्हा एक ‘अ’चा. नाहीतर उशिरा मारलेल्या डब्याच्या माथी डोळ्याचा थकवा आणि पत्र्याचा उकाडा बसतो. जमलं तर पेलेट दुसऱ्याने भरावा आणि मारणाऱ्याला कोणत्या डब्यातला ते कळू देऊ नये. महागडा डबा आपला हात नकळत सावध करतो, हे मी स्वतःवर अनुभवलंय.

मोजताना व्हर्नियर कॅलिपर वापरा, पट्टी नको. ग्रुपच्या मापातून पेलेटचं माप वजा केलं की मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मिळतं. पेलेट साडेचार मिमीचा, पण कागद जरा आत ओढला जातो आणि भोक त्याहून किंचित लहान भरतं. त्यासाठी कोपऱ्यात एक एकटी गोळी मारा, तिचं भोक मोजा आणि तेच वजा करा. कार्डामागे जाड पुठ्ठा घट्ट लावा. मोकळा कागद फाटतो, आणि फाटलेली कड मोजणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे.

हे सगळं करून मी त्या पोरीच्या अर्ध्या डब्यातले पेलेट टेबलावरून मारले. बाहेरून बाहेर साडेनऊ मिमी. त्याच लॉटचा नवा डबा तिच्यादेखत फोडला: ५.४. टेबलावर मी होतो, पोरगी शेजारी उभी होती. तिचा ट्रिगर या प्रकरणात नव्हताच.

मग डबा पांढऱ्या कागदावर ओतला. एअर रायफलचा मॅच पेलेट म्हणजे पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ घेर, आम्ही त्याला घागराच म्हणतो. शिसं मऊ, घागरा कागदासारखा पातळ. मागून हवा आली की तो फुगून बॅरलच्या खाचांत घट्ट बसतो आणि पेलेट फिरत निघतो. घागरा एका बाजूने चेपला की हवा तिथून निसटते आणि पेलेट तोंडातून बाहेर पडतानाच किंचित कलतो. त्या कागदावर दर पाच-सहा पेलेटांत एक चेपलेला होता. नुसत्या डोळ्याला दिसत नव्हता, सराफाच्या भिंगाखाली दिसला.

भिंग नसेल तर खिडकीची काच घ्या. ती एका बाजूने अगदी थोडी उचला आणि पेलेट वरून सोडा. डोकं आणि घागरा यांची मापं वेगळी, त्यामुळे चांगला पेलेट सरळ न जाता कमान घेत घरंगळतो, आणि सगळे चांगले पेलेट जवळजवळ तीच कमान घेतात. चेपलेला मध्येच अडखळतो, टकटक करतो, भलतीकडेच वळतो. एका डब्याला वीस मिनिटं लागतात. स्पर्धेआधी तेवढी काढावीत.

चेपले कसे? नवा डबा पाचशेचा, गच्च भरलेला, आत हलायला जागाच नाही. अडीचशे संपले की निम्मी जागा मोकळी. ती पिशवीत टाकून अहमदपूर ते लातूर एसटीच्या मागच्या बाकावर, येता-जाता, आठवड्यातून तीनदा. तो डबा नव्हता, खुळखुळा होता. लिंबाखाली बसलेल्या बापाला हे सांगितलं तर ते म्हणाले, “म्हंजी टमाट्याच्या क्रेटासारखं झालं की. मोकळं राहिलं तर दबतंय.” अगदी तसंच. उपाय दोन रुपयांचा: गादीवाल्याकडून स्पंज आणायचा, डब्याच्या मापाने गोल चकत्या कापायच्या आणि पेलेट कमी होतील तशी एकेक चकती झाकणाखाली वाढवायची. तक्रार बंद झाली.

आता प्रामाणिकपणे एक हिशोब. दहा मीटरच्या कार्डावर मधला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमीचा असतो. पेलेटचा मध्य कार्डाच्या मध्यापासून पाव मिमीच्या आत असेल तर १०.९. पुढे दर पाव मिमीला एक दशांश कमी, आणि अडीच मिमीपर्यंत १०.०. तिचा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत सुमारे पाच मिमी होता, म्हणजे नेम अगदी बरोबर असला तरी पेलेट अडीच मिमीपर्यंत कुठेही जाऊ शकत होता. १०.९ चे १०.० होणं पेलेटच्या खात्यावर. पण ८.५ म्हणजे मध्यापासून सुमारे सहा मिमी. तेवढं एकट्या पेलेटने केलेलं नाही. चांगल्या सुटलेल्या गोळीला नऊ पडले की पोरगी गोंधळायची, साईट (नेम धरायचं साधन) फिरवायची, पुढच्या गोळीला जास्त वेळ धरून बसायची. उरलेलं त्यात गेलं. म्हणजे माझं ट्रिगरचं निदान अगदीच हवेत नव्हतं, फक्त क्रम उलटा होता.

आणि छोटा फरकही छोटा नसतो. पात्रता फेरीत ६० गोळ्या. सरासरी ०.३ गेले तर १८ गुण गेले. तेवढ्यात पोरगं अंतिम फेरीच्या यादीतून बाहेर.

स्पंज लावल्यावर दोन महिने शांतता होती. मग एप्रिलमध्ये तीच तक्रार, “ग्रुप उघडतोय”, पण या वेळी आकार वेगळा. आधीचा ग्रुप गोल पसरलेला होता, हा उभा, पावसाच्या धारेसारखा. ग्रुपचा आकार बघायला शिका, अर्धं निदान तिथेच होतं. गोल पसरला तर पेलेट किंवा बॅरल. उभा असेल आणि टेबलावरूनही उभाच येत असेल तर हवा. आडवा असेल तर बहुतेक वेळा माणूस: रायफल कलंडते, गाल प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो. किंवा शेडमधला उजेड. आमच्याकडे सकाळी साडेनऊनंतर पूर्वेच्या फटीतून ऊन थेट पुढच्या साईटवर येतं. त्या वेळात कोणाची झीरोइंग, म्हणजे साईट नेमावर जुळवणं, करू देत नाही, शेवटी तिथे गोणपाट टांगलं. आणि दोन वेगवेगळे छोटे गुच्छ पडत असतील, तर कुठला तरी स्क्रू ढिला.

उभ्या ग्रुपमागे या वेळी हवाच होती. दहा मीटर रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत हवा भरतात, आतला रेग्युलेटर दर गोळीला सारखी हवा सोडतो. मीटरचा काटा कंपनीने दाखवलेल्या खालच्या रेषेच्या आत गेला की तो सारखेपणा संपतो. पेलेटचा वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास असतो. तो १६० झाला तर दहा मीटरवर पेलेट दोन मिमीहून थोडा जास्तच खाली पडतो, म्हणजे आठ-नऊ दशांश गेले. पोरांना मीटर बघायची सवय नसते, ती रायफल तोंडाने “फट” वाजते का एवढंच बघतात. आमच्याकडे आता फळ्यावर दोऱ्याने खडू बांधलाय: सरावाआधी मीटरचा आकडा लिहायचा, मगच पहिला पेलेट.

हवेबद्दल आणखी एक, आणि हे मराठवाड्यात राहणाऱ्याने जास्त मनावर घ्यावं. भरलेला सिलिंडर मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. २५ अंशांना २०० बार भरलेली हवा ६० अंशांना साधारण २२३ बारवर जाते. उन्हातल्या डिकीत तेवढं तापमान सहज होतं. सिलिंडर २०० साठी बनवलाय. आणि त्यावर कोरलेली तारीख वाचा. मुदत संपलेला सिलिंडर “चालतंय की” म्हणून वापरणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

स्क्रूचं थोडक्यात. रायफलचं यंत्र स्टॉकला (खांद्याला लावायच्या सांगाड्याला) ज्या मोठ्या स्क्रूंनी धरलेलं असतं ते, आणि मागच्या साईटच्या बुडाचे स्क्रू. महिन्यातून एकदा अॅलन-कीने तपासा, पण पहिलवानकी नको. किती आवळायचा तो आकडा रायफलच्या पुस्तिकेत असतो. टॉर्क रेंच नसेल तर बसलेल्या स्क्रूवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा, अर्धी स्क्रूवर, अर्धी बॉडीवर. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरलाय. ही युक्ती मला मोटर रिवाइंडिंगवाल्याने शिकवली.

बॅरलची सफाई: पाचशे ते हजार गोळ्यांनी फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या पुरे. पितळी ब्रश, रॉकेल, दुचाकीचं तेल, काहीही नको. सफाईनंतरच्या पहिल्या दहा-पंधरा गोळ्या इकडेतिकडे जातात, त्या मोजू नका. स्पर्धेच्या आदल्या रात्री तर सफाई करूच नका.

हे सगळं ठीक असूनही टेबलावरून ग्रुप सहाच्या खाली येत नसेल, तेव्हाच पेलेट बदलायचा विचार. डब्यावर डोक्याचं माप छापलेलं असतं: ४.४९, ४.५०, ४.५१. शंभरावा हिस्सा मिलिमीटर, पण बॅरलला तो कळतो. आमच्या शेडमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली आहेत. एकीला ४.४९ लागतो, दुसरी त्याच्यावर रुसते. त्यामुळे “चॅम्पियन अमुक पेलेट वापरतो” या माहितीचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. त्याची बॅरल त्याच्याकडे आहे. तीन-चार मापांचे एकेक डबे चार-पाच जणांनी मिळून घ्या, प्रत्येकाने आपल्या रायफलवर मारून बघा. जमला तर डब्याच्या मागचा लॉट नंबर वहीत उतरवा आणि त्याच नंबरचे जमतील तेवढे डबे एकदम मागवा. दुकानदार म्हणतो, “तेच आहे, फक्त लॉट नवा.” तेच नसतं.

वजन करून पेलेट निवडण्याचं वेड आहे काही जणांना. सराफाच्या काट्यावर एकेक पेलेट. साधारण ०.५३ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापात सव्वाचार गुंजांहून थोडा जास्त. एका पालकाने पाचशेच्या पाचशे तोलून, पुड्या बांधून आणले होते. त्यांच्या चिकाटीला नमस्कार. पण वजनात दोन टक्के फरक पडला तर वेगात एक टक्का पडतो, आणि दहा मीटरवर त्याने पेलेट फार तर एक तृतीयांश मिमी वर-खाली होतो, एक दशांशाहून जरा जास्त. तोच वेळ काचेवर घरंगळवण्यात घालवला तर चेपलेला पेलेट सापडतो, तो जास्त नुकसान करतो.

शिशाबद्दल एक सक्त नियम. आमच्याकडे एक पोरगा पेलेट ओठांत धरून भरायचा, हात मोकळे राहतात म्हणून. त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. शिसं पोटात गेलं की मेंदूला आणि रक्ताला अपाय करतं, लेकरांना जास्तच. रेंजवर खाणं बंद, आणि भेळ-शेंगा जे काय असेल ते साबणाने हात धुतल्यावर, शेडबाहेर.

काचेवर नापास झालेले पेलेट आम्ही फेकत नाही. लाल रंगाच्या डब्यात जातात, आणि कोऱ्या पांढऱ्या कार्डावर, आकडे नसलेल्या, होल्डचा सराव करायला वापरतो. अहमदपूरच्या पोरीने परवा त्या लाल डब्यातले चाळीस मारले. बाप लिंबाखालून उठून आला, कार्ड बघितलं आणि म्हणाला, “ह्याला किती पडले?” म्हटलं, मामा, याला मोजायचं नसतं. “मंग बरंय,” म्हणाले, आणि पुढचा डबा फोडायच्या आधी त्यांनी खिशातून स्पंजच्या चकत्या काढून टेबलावर ठेवल्या.